दहा गोळ्यांची मर्यादा आणि अमेरिकेतल्या बंदूकमालकांचा राग

फिलाडेल्फिया आणि न्यू जर्सीतलं कॅमडेन या दोन शहरांच्या मधून डेलावेअर नदी वाहते. नदीवर बेंजामिन फ्रँकलिन पूल आहे. पुलाच्या पश्चिमेला पेनसिल्व्हेनिया राज्य. तिथे १५ गोळ्या मावणारं मॅगझिन, म्हणजे बंदुकीत बसणारी गोळ्यांची डबी, जवळ असणं हा गुन्हा नाही. न्यू जर्सीत मर्यादा दहा गोळ्यांची. तेच मॅगझिन गाडीत ठेवून पूल ओलांडला, की तिथल्या कायद्याने तो चौथ्या श्रेणीचा गुन्हा होतो आणि दीड वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. सोबत पिस्तूल असेल आणि न्यू जर्सीचा परवाना नसेल, तर शिक्षा त्याहून बरीच मोठी. पेनसिल्व्हेनियाने दिलेला परवाना पुलाच्या या टोकाला कोणी विचारातही घेत नाही.

२०१३ च्या ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाची एक आई याच कात्रीत सापडली. दोन मुलांना एकटीने वाढवणारी ही बाई वर्षभरात दोनदा लुटली गेली होती. म्हणून तिने रीतसर परवाना काढून पिस्तूल घेतलं. न्यू जर्सीत वाहतूक पोलिसाने गाडी थांबवली, तेव्हा तिने आपणहून सांगितलं, की गाडीत पिस्तूल आहे आणि हा माझा परवाना. तिला अटक झाली. कित्येक दिवस ती कोठडीत होती आणि किमान तीन वर्षं तरी तुरुंगात जावं लागेल अशी तिची स्थिती होती. देशभर ओरड झाल्यावर सरकारी वकिलांनी खटल्याऐवजी सुधारणा कार्यक्रमाचा मार्ग दिला. पुढे २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली.

अमेरिकेतल्या बंदुकांची बातमी आपल्यापर्यंत येते ती बहुधा शाळेत नाहीतर बाजारात गोळीबार झाल्यावर. त्यामुळे बंदुकांवरच्या निर्बंधांना विरोध करणारा माणूस आपल्याला एक तर माथेफिरू वाटतो, नाहीतर शस्त्र कंपन्यांच्या पैशावर बोलणारा. असे लोक तिथे आहेतही. पण ज्यांची चीड मला समजून घ्यावीशी वाटते ते वेगळे आहेत. ते कर भरतात, पार्श्वभूमीची तपासणी करून घेतात, घरात तिजोरी बसवतात आणि तरीही आपण उद्या गुन्हेगार ठरू का, या चिंतेत असतात. निर्बंधांचा हेतू मला पटतो. लहान मुलांचे जीव जातात तिथे सरकारने हातावर हात ठेवून बसू नये. मात्र हे कायदे ज्या रीतीने लिहिले गेले, त्यात या लोकांच्या तक्रारीला खरा आधार आहे.

मॅगझिन म्हणजे काय आणि १० हा आकडा कुठून आला

मॅगझिन म्हणजे गोळ्या भरून ठेवायची, आत स्प्रिंग असलेली डबी. पिस्तुलात ती मुठीच्या आत बसते, रायफलीत खालच्या बाजूने. सेमी-ऑटोमॅटिक बंदुकीत चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते, स्प्रिंग पुढची गोळी वर ढकलते आणि बंदूक पुन्हा तयार होते. पुढच्या गोळीसाठी चाप पुन्हा ओढावाच लागतो. चाप दाबून धरला की गोळ्यांचा पाऊस पाडणारी मशीनगन ही वेगळी वस्तू. तिच्यावर १९३४ पासून कडक संघीय कायदा आहे आणि १९८६ नंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाला घेताच येत नाही. राज्यांचा वाद चालतो तो सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर.

ग्लॉक १७ हे पिस्तूल कारखान्यातून १७ गोळ्यांच्या मॅगझिनसह येतं, ग्लॉक १९ हे १५ गोळ्यांच्या. एआर-१५ जातीच्या रायफलीसोबत बहुधा ३० गोळ्यांचं मॅगझिन असतं. कायद्याच्या भाषेत ही 'मोठ्या क्षमतेची' मॅगझिन्स आहेत. मालकाच्या लेखी ती खोक्यातून निघालेली नेहमीची वस्तू आहे आणि १० गोळ्यांचं मॅगझिन म्हणजे त्याच डबीत अडसर घालून केलेली कमी क्षमतेची आवृत्ती.

१० हा आकडा देशभर रुजला तो १९९४ च्या संघीय कायद्याने. त्या वर्षी १३ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने काही जातींच्या रायफलींच्या आणि १० हून जास्त गोळ्यांच्या मॅगझिन्सच्या नव्या उत्पादनावर बंदी आली. आधी बनलेला माल मात्र ठेवायला आणि विकायलाही मोकळीक होती. कायद्याला दहा वर्षांची मुदत होती. २००४ मध्ये ती संपली आणि संसदेने ती वाढवली नाही. त्यानंतर ज्याला हवं त्या राज्याने आपापला कायदा केला, किंवा आधीचा चालू ठेवला. साधारण चौदा राज्यांनी मॅगझिनवर मर्यादा घातली. उरलेल्या राज्यांत ती नाही.

या चौदा राज्यांतही मेळ नाही. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, कनेक्टिकट, न्यू जर्सी इथे मर्यादा १०. कोलोरॅडोत १५. डेलावेअरमध्ये १७. इलिनॉय आणि व्हरमाँटमध्ये रायफलीला १० आणि पिस्तुलाला १५. हवाईत बंधन आहे ते पिस्तुलाच्या मॅगझिनवर. काही राज्यांत विक्रीवर बंदी पण घरात असलेलं चालतं, काहींत जवळ असणंही गुन्हा. न्यू जर्सीत १९९० पासून मर्यादा १५ होती. २०१८ मध्ये ती १० वर आणली आणि लोकांना १८० दिवस दिले: मॅगझिन बदलून घ्या, राज्याबाहेर विका किंवा पोलिसांत जमा करा. अठ्ठावीस वर्षं जी वस्तू कायद्याने चालत होती, ती त्या डिसेंबरात गुन्हा झाली.

न्यूयॉर्कने तर घाईचा कळस केला. कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेतल्या हत्याकांडानंतर महिनाभराने, १५ जानेवारी २०१३ ला, तिथे 'सेफ ॲक्ट' मंजूर झाला. विधेयक लोकांसमोर तीन दिवस ठेवण्याचा नेहमीचा नियमही तातडीचं कारण देऊन बाजूला ठेवला गेला. मॅगझिन १० गोळ्यांचं, पण त्यात भरायच्या फक्त ७, असं त्यात एक कलम होतं, कारण ७ गोळ्यांची मॅगझिन्स बहुतेक बंदुकांसाठी बाजारात मिळतच नव्हती. म्हणजे दहाच्या डबीत आठवी गोळी घातली की गुन्हा. पोलिसांना सूट द्यायचंही त्या मसुद्यात राहून गेलं होतं. सात गोळ्यांचं कलम संघीय न्यायालयाने त्याच वर्षअखेरीस रद्द केलं आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयानेही ते रद्दच ठेवलं. बाकीचा कायदा टिकला. पण हे लिहिणाऱ्यांनी कधी बंदूक हातात घेतली आहे का, हा मालकांच्या मनातला प्रश्न तेव्हापासून पक्का झाला.

हक्क आणि परवानगी

ही चीड कळायची असेल तर आपल्या डोक्यातली एक चौकट बाजूला ठेवावी लागते. भारतात शस्त्र बाळगणं ही सरकारने दिलेली परवानगी आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली जिल्हा प्रशासनाकडे, शहरात पोलीस आयुक्तांकडे अर्ज करायचा, कारण पटवून द्यायचं आणि मिळाला तर परवाना घ्यायचा. एका व्यक्तीला तीन शस्त्रं ठेवता येत असत, २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आली. त्यावर कोणी मूलभूत हक्क गेला म्हणून रस्त्यावर उतरलं नाही, कारण तो मूलभूत हक्क नाहीच. तसा व्हावा अशी मागणी मात्र आपल्याकडेही झाली होती. १८७८ च्या ब्रिटिश शस्त्र कायद्याने भारतीयांना निःशस्त्र केल्याचा सल मोठा होता, आणि काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. १९४८ च्या डिसेंबरात हरी विष्णू कामत यांनी संविधान सभेत तशी दुरुस्ती मांडली. असा हक्क सरसकट सगळ्यांना देता येणार नाही अशी भूमिका डॉ. आंबेडकरांनी घेतली आणि दुरुस्ती फेटाळली गेली.

अमेरिकेने १७९१ मध्येच उलटा निर्णय घेतला. त्यांच्या राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती म्हणते, की स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी सुव्यवस्थित लोकसेना आवश्यक असल्याने शस्त्रं बाळगण्याच्या लोकांच्या हक्कावर गदा आणली जाणार नाही. हा हक्क लोकसेनेचा की प्रत्येक माणसाचा, यावर पिढ्यानपिढ्या वाद चालला. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'हेलर' खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की हा व्यक्तीचा हक्क आहे आणि घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं त्याच्या गाभ्यात येतं. २०१० च्या 'मॅकडॉनल्ड' निकालाने तो राज्यांवरही बंधनकारक झाला. हेलरच्या निकालात न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी हेही लिहिलं, की हा हक्क अमर्याद नाही. मात्र जी शस्त्रं सामान्य लोक कायदेशीर कामासाठी सर्रास वापरतात त्यांना संरक्षण आहे.

बंदूकमालकांचा सगळा युक्तिवाद या 'सर्रास वापरा'वर उभा आहे. देशात कोट्यवधी एआर-१५ आणि त्याहून कितीतरी जास्त ३० गोळ्यांची मॅगझिन्स आहेत; मग ती सर्रास वापरातली नाहीत असं राज्य कसं म्हणतं? पुलापलीकडे माझा भाषणाचा हक्क बदलत नाही, धर्माचा बदलत नाही, मग हाच एक हक्क का बदलतो? पुण्यात काढलेला गाडी चालवायचा परवाना बेळगावात चालतो तसाच अमेरिकेतही एका राज्याचा दुसऱ्यात चालतो. बंदुकीच्या परवान्याचं तसं नाही. निम्म्याहून अधिक राज्यांत आता पिस्तूल लपवून बाळगायला परवानाच लागत नाही, आणि न्यू जर्सीला टेक्सासचा परवाना मान्य नाही.

वाटेत लागणाऱ्या राज्यांसाठी १९८६ चा एक संघीय कायदा आहे. जिथून निघालो तिथे आणि जिथे जायचं तिथे बंदूक कायदेशीर असेल, ती रिकामी, कुलूपबंद आणि हाताला न येणाऱ्या जागी असेल, तर मधल्या राज्यातून नेता येते. कागदावर हे ठीक आहे. २००५ मध्ये यूटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या एका प्रवाशाचं पुढचं विमान नेवार्क विमानतळावर चुकलं. नेवार्क न्यू जर्सीत. विमान कंपनीकडे दिलेली बॅग परत मिळाली, ती घेऊन तो रात्री हॉटेलवर राहिला आणि सकाळी विमानतळावर बॅगेत कुलूपबंद पिस्तूल असल्याचं त्याने स्वतः सांगितलं. अटक झाली, काही दिवस तुरुंगात काढावे लागले, मग आरोप मागे घेतले गेले. त्याने नुकसानभरपाईचा दावा केला. २०१० मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला, कारण रात्रभर बॅग त्याच्या हाताशी होती. हॉटेलात मुक्काम पडला तर बॅग ठेवायची तरी कुठे, याचं उत्तर त्या कायद्यात सापडत नाही.

रायफलीची मूठ कशी आहे यावर कायदा

मॅगझिनच्या जोडीला दुसरं मोठं दुखणं म्हणजे 'असॉल्ट वेपन' ठरवण्याची रीत. इथे थोडं थांबून तपशील पाहायला हवा, कारण बाहेरून पाहणाऱ्याला तो क्षुल्लक वाटतो आणि मालकाचं सगळं आयुष्य त्यात अडकतं.

१९८९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन इथे शाळेच्या मैदानात पाच मुलं मारली गेली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने देशातला पहिला असा कायदा केला. आधी त्यात बंदुकांची नावं होती. उत्पादकांनी नाव बदललं की बंदूक यादीबाहेर. मग कायदा भागांवर आला: सेमी-ऑटोमॅटिक रायफल, काढता येणारं मॅगझिन, आणि सोबत पिस्तुलासारखी खाली येणारी मूठ, घडी घालता येणारा किंवा लांबी बदलता येणारा दस्ता, नळीच्या टोकाची ज्वाला लपवणारा भाग, यांपैकी एक जरी असलं तरी ती 'असॉल्ट वेपन'.

आता रुगर कंपनीची मिनी-१४ पाहा. लाकडी दस्त्याची, दिसायला आजोबांच्या शिकारी बंदुकीसारखी. ती एआर-१५ चीच गोळी झाडते, तीही सेमी-ऑटोमॅटिक आहे, तिचंही मॅगझिन काढता येतं. साधा लाकडी दस्ता असल्यामुळे ती विकता येते. एआर-१५ ला मात्र तिच्या मुठीमुळे बंदी. गोळीचा वेग तोच, जखम तीच. खाली येणाऱ्या मुठीमुळे पटापट झाडताना बंदूक ताब्यात राहते, अशी राज्याची बाजू आहे. तो फरक अगदी शून्य नसेल. पण त्यावर माणूस तुरुंगात जावा इतका तो मोठा आहे, असं मला कोणी पटवू शकलेलं नाही.

मग सुरू झाला तो पाठशिवणीचा खेळ. मॅगझिन काढायला अवजार लागत असेल तर ते 'काढता येणारं' धरायचं नाही, असा नियम होता आणि गोळीचं टोक हेही अवजारात मोडत असे. कारागिरांनी गोळीच्या टोकाने दाबायचं 'बुलेट बटन' बनवलं. हजारो लोकांनी अशा रायफली उघडपणे, दुकानातून, तपासणी करून घेतल्या. २०१५ च्या डिसेंबरात सॅन बर्नार्डिनोमध्ये १४ जण मारले गेले आणि पुढच्या वर्षी राज्याने व्याख्या बदलली. १ जानेवारी २०१७ पासून बुलेट बटनची रायफलही 'असॉल्ट वेपन' झाली. आधीच्या मालकांनी जून २०१८ पर्यंत ऑनलाइन नोंदणी करायची होती. शेवटच्या आठवड्यात वेबसाइट वारंवार कोलमडली. नोंदणी करायला बसलेले लोक मुदत संपताना बंदीच्या वस्तूचे मालक होऊन उठले. खटला झाला आणि राज्याला पुढे अशा लोकांसाठी नोंदणी पुन्हा उघडावी लागली. नोंदणीवर विश्वास ठेवणाऱ्यालाच असा फटका बसला, तर पुढच्या नोंदणीला कोण येणार?

इलिनॉयमध्ये ते आकड्यांतच दिसलं. ४ जुलै २०२२ ला हायलँड पार्कच्या मिरवणुकीवर गोळीबार होऊन सात जण गेले. १० जानेवारी २०२३ ला राज्याने बंदी आणली आणि आधीच्या मालकांना १ जानेवारी २०२४ पर्यंत नोंदणी करायला सांगितलं. तिथे बंदूक ठेवायला राज्याचं ओळखपत्र लागतं आणि असे सुमारे २४ लाख कार्डधारक आहेत. मुदतीपर्यंत नोंदणी केली ती ३० हजारांच्या आसपास लोकांनी. प्रत्येक कार्डधारकाकडे बंदीतली बंदूक असते असं नाही, तरीही अंतर डोळ्यात भरतं. बहुसंख्य काउंट्यांच्या (जिल्ह्यांच्या) शेरीफांनी, म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या पोलीसप्रमुखांनी, आम्ही घरोघरी जाऊन हे तपासणार नाही असं जाहीर केलं होतं.

एका आठवड्याची मोकळीक

कॅलिफोर्नियात १० हून जास्त गोळ्यांच्या मॅगझिनच्या विक्रीवर २००० पासून बंदी आहे. आधीची मॅगझिन्स ठेवता येत होती. २०१६ मध्ये मतदारांनी 'प्रपोझिशन ६३' मंजूर केलं आणि जुलै २०१७ पासून ती जवळ ठेवणंही बंद होणार होतं. त्याच्या दोन दिवस आधी संघीय न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी स्थगिती दिली. २९ मार्च २०१९ ला त्यांनी बंदीच घटनाबाह्य ठरवली, विक्रीसकट. दुकानांच्या बाहेर रांगा लागल्या, देशभरातून माल मागवला गेला. राज्याने धाव घेतली आणि ५ एप्रिलच्या संध्याकाळी पाच वाजता दार पुन्हा बंद झालं. त्या आठवड्याला लोक 'फ्रीडम वीक' म्हणतात. त्या दिवसांत घेतलेल्या मॅगझिन्सना न्यायाधीशांनी संरक्षण दिलं.

पुढची साखळी बघा. २०२० मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने मालकांच्या बाजूने निकाल दिला. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो उलटवला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नव्या निकषावर फेरविचार करा म्हणून प्रकरण परत पाठवलं. सप्टेंबर २०२३ मध्ये बेनिटेझ यांनी बंदी पुन्हा रद्द केली. मार्च २०२५ मध्ये मोठ्या पीठाने सात विरुद्ध चार मतांनी ती पुन्हा वैध ठरवली. इतकी वर्षं सामान्य माणसाच्या कपाटातली तीच डबी कधी कायदेशीर, कधी बेकायदेशीर, कधी स्थगितीच्या आधारावर कायदेशीर. बहुतेक मॅगझिन्सवर अनुक्रमांक नसतो, त्यामुळे 'ही मी त्याच आठवड्यात घेतली' हे सिद्ध करायला जुनी पावती जपून ठेवणं आलं.

राज्यांकडेही खरी कारणं आहेत

२०११ च्या जानेवारीत ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये खासदार गॅबी गिफर्ड्स यांच्यावर हल्ला झाला. हल्लेखोराच्या ग्लॉकमध्ये ३३ गोळ्यांचं मॅगझिन होतं. काही सेकंदांत सहा जण गेले, त्यात नऊ वर्षांची एक मुलगी. तो मॅगझिन बदलायला थांबला तेव्हाच जमलेल्या लोकांनी त्याच्यावर झडप घातली. मॅगझिन १० चं असतं तर तो आधी थांबला असता, हा तर्क सहज झटकून टाकता येत नाही. सँडी हूकमध्ये पाच मिनिटांच्या आत १५४ गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० मुलं, ६ मोठी माणसं मेली. २०१७ मध्ये लास व्हेगासच्या संगीत कार्यक्रमावर दहाएक मिनिटांत हजाराहून अधिक गोळ्या झाडल्या गेल्या. बंदूकमालकांच्या सभांतून या घटनांचा उल्लेख घाईघाईने टाळला जातो तेव्हा मला त्यांच्याविषयी वाईट वाटतं, कारण त्यांच्या बाजूचं चांगलं म्हणणंही मग ऐकलं जात नाही.

स्वसंरक्षणाच्या घटनांत सरासरी २.२ गोळ्या झाडल्या जातात, असा तज्ज्ञाचा अहवाल कॅलिफोर्नियाने न्यायालयात मांडला. मालक म्हणतात, सरासरीसाठी कोणी बंदूक घेत नाही. वायोमिंगला लागून असलेल्या कोलोरॅडोच्या गावांत पोलीस यायला अर्धा-पाऊण तास लागतो. घुसणारे तीन असले तर? अंधारात, घाबरलेल्या हातांनी किती नेम लागतील? प्रशिक्षित पोलिसांचेही बरेच नेम चुकतात आणि त्यांच्या कमरेला १५ किंवा १७ गोळ्यांचंच मॅगझिन असतं, कारण या कायद्यांतून त्यांना सूट आहे. पोलिसाला ज्या कारणासाठी इतक्या गोळ्या लागतात, तेच कारण माझ्या घरात आलं तर मला दहाच का, हा प्रश्न मला या सगळ्या वादातला सर्वांत प्रामाणिक प्रश्न वाटतो.

आणखी एक गोष्ट. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले. निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या, तिथे मॅगझिनच्या मर्यादेने काही फरक पडत नाही. खुनांत वापर होतो तो मुख्यतः पिस्तुलांचा. सगळ्या प्रकारच्या रायफली मिळून त्यातला लहान भाग. म्हणजे ज्या वस्तूंवर सर्वाधिक कायदे होतात त्या एकूण मृत्यूंच्या मानाने कडेला आहेत. सामूहिक हत्याकांडांचा धक्का मोठा असतो आणि कायदे त्या धक्क्यातून होतात, हे मानवी आहे. पण एकाकी माणसाच्या हाती संकटाच्या रात्री बंदूक पोचू नये यासाठी लागणाऱ्या कामाला तेवढा राजकीय जोर मिळत नाही, याची खंत वाटते.

राग फक्त गोऱ्या खेड्यांचा नाही

कोलोरॅडोने २०१३ मध्ये १५ ची मर्यादा आणली, तेव्हा दोन राज्य सिनेटरांना लोकांनी मुदतीआधी मतदान घेऊन घरी पाठवलं. त्या राज्यात आमदार असे परत बोलावले गेले ते पहिल्यांदाच. मॅगझिन बनवणारी मॅगपुल कंपनी आपला कारभार वायोमिंग आणि टेक्सासला घेऊन गेली. ही ग्रामीण, गोऱ्या अमेरिकेची ओळखीची गोष्ट.

न्यूयॉर्कची गोष्ट वेगळी आहे. तिथे शंभर वर्षांहून जुन्या कायद्याने पिस्तूल बाळगण्यासाठी 'विशेष कारण' दाखवावं लागे आणि ते पुरेसं आहे का हे अधिकारी ठरवत. २०२२ मध्ये 'ब्रुएन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो रद्द केला. त्या खटल्यात बंदूकमालकांच्या बाजूने निवेदन देणाऱ्यांत ब्राँक्स आणि ब्रुकलिनचे सरकारी बचाव वकील होते, कृष्णवर्णीय वकिलांचा गट होता. परवाना श्रीमंतांना मिळतो आणि परवान्याशिवाय सापडले म्हणून तुरुंगात जातात ते आमचे गरीब काळे आणि हिस्पॅनिक अशील, असं ते सांगत होते. कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यावर १९६७ मध्ये बंदी आली तीही ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे लोक हातात बंदुका घेऊन ओकलंडमध्ये गस्त घालू लागल्यावर. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन.

पैशाचं गणित आजही तसंच आहे. न्यूयॉर्क शहरात पिस्तुलाच्या परवान्याच्या अर्जाचं शुल्कच ३४० डॉलर, बोटांच्या ठशांचे पैसे वेगळे, आणि बाळगायचं तर १६ तासांचा वर्ग व २ तास प्रत्यक्ष गोळीबाराचं प्रशिक्षण. कॅलिफोर्नियात जुलै २०२४ पासून बंदुका आणि गोळ्यांवर ११ टक्के वेगळा कर आहे. प्रशिक्षण असावंच असं माझं मत आहे. मात्र ज्या वस्तीत लुटालूट जास्त, तिथल्या बाईला ते परवडावं अशी सोयही राज्याने करायला हवी.

न्यायालयात आता काय अडलं आहे

ब्रुएनने निकषच बदलला. हत्या कमी होतील का हे न्यायालयाने तोलायचं नाही. असा निर्बंध देशाच्या इतिहासात, परंपरेत बसतो का ते पाहायचं. त्यामुळे आज वकील अठराव्या शतकातले गनपावडर साठवण्याचे नियम आणि एकोणिसाव्या शतकातल्या लांब सुऱ्यांवरच्या बंद्या शोधत बसतात. मार्च २०२५ च्या कॅलिफोर्निया निकालात बहुमताने म्हटलं, की मोठं मॅगझिन हे शस्त्र नसून जोडसाहित्य आहे. असहमत न्यायाधीश लॉरेन्स व्हॅनडाइक यांनी आपल्या दालनात बंदुका हाताळून दाखवणारा व्हिडिओच निकालाला जोडला. २०२४ मध्ये 'रहिमी' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरगुती हिंसाचाराच्या आदेशाखालील माणसाला बंदूक नाकारणं आठ विरुद्ध एक मतांनी वैध ठरवलं आणि हुबेहूब जुना कायदा सापडायला हवा असं नाही, तत्त्व जुळलं पाहिजे, असं सांगितलं. म्हणजे दोन्ही बाजूंना थोडा थोडा आधार मिळाला.

२ जून २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने मेरीलँडच्या रायफलबंदीचं आणि ऱ्होड आयलंडच्या मॅगझिनबंदीचं प्रकरण ऐकायला नकार दिला. ऐकण्यासाठी चार न्यायमूर्ती लागतात. तिघांची तयारी होती. न्यायमूर्ती कॅव्हॉनॉ यांनी नकाराला साथ दिली, पण एक-दोन सत्रांत एआर-१५ चा प्रश्न न्यायालयाने हाती घ्यायला हवा असंही लिहिलं. कोलोरॅडोने दरम्यान पुढचं पाऊल टाकलं आहे: एप्रिल २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्यानुसार ऑगस्ट २०२६ पासून काढत्या मॅगझिनच्या बऱ्याच सेमी-ऑटोमॅटिक बंदुका घेण्याआधी प्रशिक्षण आणि शेरीफची मंजुरी लागणार.

तिथल्या मराठी घरांसाठी

न्यू जर्सीतलं एडिसन, कॅलिफोर्नियातला बे एरिया, इलिनॉयमधल्या शिकागोची उपनगरं, वॉशिंग्टन राज्यातलं सिॲटल: अमेरिकेतली मराठी वस्ती मोठ्या प्रमाणात याच कडक राज्यांत आहे आणि टेक्सासमधल्या ह्यूस्टन-डॅलसहून तिथे बदलीवर जाणारेही पुष्कळ. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघीय कायद्याने बंदूक किंवा गोळ्या ठेवता येत नाहीत. शिकारीचा वैध परवाना असणं यांसारखे थोडेच अपवाद आहेत. मित्राने हौसेने दिलेली बंदूक घरी ठेवली आणि प्रकरण उघड झालं तर खटल्यासोबत व्हिसाही जाऊ शकतो. ग्रीन कार्डधारक बंदूक घेऊ शकतात, राज्याचे नियम मात्र त्यांनाही लागू. टेक्सासमध्ये घेतलेलं पिस्तूल न्यू जर्सीत आणायचं असेल तर तिथलं ओळखपत्र आणि ठरावीक मुदतीत नोंदणी लागते. कॅलिफोर्नियात आल्यावर ६० दिवसांच्या आत न्याय विभागाला कळवावं लागतं. १५ किंवा १७ गोळ्यांची मॅगझिन्स या दोन्ही राज्यांत आणायचीच नाहीत. सामान ट्रकमध्ये चढण्याआधी ती जुन्याच राज्यात विकून किंवा देऊन टाकावी लागतात. सामान हलवणाऱ्या कंपनीला हे नियम माहीत असतीलच असं नाही, आणि खोकं उघडल्यावर जबाबदारी ज्याच्या नावावर सामान आहे त्याची असते.